घर-घरातला कुत्रा

रूनाने उकडलेला बटाटा काट्याने चेचला, त्यावर तपकिरी रस्सा ओतला आणि खाली मान घालूनच सांगितलं, "आज पण मी कुत्रा होते."

येप्पेला हसू आलं. ताटलीवरून मान पुढे काढून त्याने लेकीला दोनदा भुंकून दाखवलं, लेकही भुंकली, आणि माइकेन दोघांवर डाफरली, "जेवताना भुंकाभुंकी नको. खालची म्हातारी पुन्हा तक्रार घेऊन वर येईल."

विषय तिथेच संपायचा. पण 'आज पण' हे दोन शब्द येप्पेच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. घास गिळून त्याने विचारलं, "आज पण म्हणजे? काल पण होतीस?"

"रोजच असते."

"आणि बाकीच्या?"

"फिलिपा आई. टिल्डे बाळ. आस्ता मोठी ताई." रूनाने बोटं मोजून दाखवली आणि चौथं बोट स्वतःच्या छातीला लावलं. "मी कुत्रा."

"मग कुत्रा करतो काय दिवसभर?"

"बसतो. दाराबाहेर, बुटांच्या फळीखाली. कुत्र्याचे पाय ओले असतात ना, म्हणून घरात यायचं नाही."

"कधीच नाही?"

"वाळले की ये, म्हणाली फिलिपा," रूना म्हणाली. "पण ते वाळतच नाहीत."

आता हे सगळं तिने अगदी सहज सांगितलं, एखादं पोर आज पाऊस पडला असं सांगतं तसं. पण बापाची भूक मेली. रूना झोपायला गेल्यावर त्याने भांडी घासता घासता बायकोपाशी विषय काढला. माइकेन म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स. माणसं एकमेकांशी कशी वागतात ते रोज बघून बघून तिला कशाचं नवल राहिलं नव्हतं.

"अरे, पोरं खेळतात," ती म्हणाली. "मी एक अख्खं वर्ष झाड होते. माझ्या फांद्यांना कोट अडकवायच्या सगळ्या जणी."

"झाड वेगळं, माइकेन."

"काय वेगळं? कुत्र्याला निदान हलता तरी येतं. तू यात पडू नकोस, येप्पे. पोरांचं पोरांना निस्तरू दे."

पण येप्पे कसला ऐकतोय! फानो बेटाच्या फेरीबोटीवर दोर बांधणारा-सोडणारा माणूस. धक्क्याला बोट लागली की दोर टाकायचा, निघाली की सोडायचा. त्याच्या जगात कुठलीही गोष्ट बिनसली तर ती हाताने दुरुस्त होते. दुसऱ्या दिवशी तो पाळी बदलून लवकर सुटला आणि रूनाला आणायला वेळेआधीच शाळेत पोचला. खिडकीबाहेर उभा राहून आत बघू लागला.

बाहुल्यांच्या कोपऱ्यात घर मांडलेलं होतं. फिलिपा लाकडी चुलीवर काहीतरी ढवळत होती. पिवळी वेणी, कमरेला टॉवेल, आणि सगळ्या घरावर बारीक नजर. टिल्डे चादरीत गुंडाळून घेऊन बाळाचं रडत होती. आस्ता तिला थोपटत होती. आणि तिथून चार हात लांब, बुटांच्या फळीखाली, रूनाबाई गुडघ्यांवर बसलेली. जीभ बाहेर. येप्पेने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती रडवेली असती तर त्याला परवडलं असतं. पण ती टवटवीत होती. कान टवकारून, कुठल्याही क्षणी हाक येईल आणि आपण तयार असायला हवं, अशी फिलिपाकडे बघत होती.

तो तडक वर्गशिक्षिकेकडे गेला. गुनवर म्हणजे या शाळेतलं जुनं खोड, सगळ्यात अनुभवी बाई. शून्याचा, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग तीस वर्षं सांभाळत आलेली, स्वतः विणलेलं जाकीट घालणारी, कधी आवाज न चढवणारी. तिने येप्पेचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या दंडावर हात ठेवला.

"मी बघतेय रे हे," ती म्हणाली. "मलाही बोचतंय. पण हा काही एकट्या रूनाचा प्रश्न नाही, येप्पे. सगळ्या वर्गाचा आहे. आपण पालकसभेत घेऊ या."

आमच्याकडे हे असं आहे. छप्पर गळो, दात दुखो, की दोन पोरींचं फाटो, औषध एकच, सभा घ्या.

सभा झाली. मोठी मोठी माणसं पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसली. आधी सगळ्यांनी मिळून एक गाणं म्हटलं, मग थर्मासातली कॉफी फिरली, मग फिलिपाच्या आईने, रिक्केने, घरी केलेला गाजराचा केक कापला. नंतर प्रथेप्रमाणे एकेकाने आपलं मत मांडायला सुरुवात केली. येप्पे आजवर कुठल्या सभेत तोंड उघडलेला माणूस नव्हे. निघताना माइकेनने बजावलंही होतं, बोल, पण मोघम बोल, कुणाचं नाव घेऊ नकोस. ती ड्युटीवर होती म्हणून आली नव्हती, नाहीतर तिने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली असती.

"माझी मुलगी कुत्रा असते," येप्पे म्हणाला. "रूना. रोज तीच. बाकीच्या घरात असतात आणि ती दाराबाहेर. पाय वाळले की घेऊ म्हणतात तिला. ते काही..."

पुढचं त्याला बोलवेना. एवढा दांडगा गडी, वाऱ्यापावसात बोटीवर उभा राहणारा, त्या चिमुकल्या खुर्चीवर बसून नाक पुसायला लागला. मग रिक्के उठली, तिचे डोळे भरलेले. तिने सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली.

"मला माहीतच नव्हतं रे. माझीच फिलिपा! आज घरी गेले की बसवते तिला समोर आणि बोलते."

"आम्ही पण बोलतो," आस्ताचा बाप म्हणाला. "सगळेच बोलू या."

आणि मग काय, ठरावांचा पाऊस. चार-चार मुलांचे खेळगट करायचे, एकेका घरी एकेकदा सगळ्यांनी जायचं, म्हणजे पोरं एकमेकांना घरची म्हणून ओळखतील. आणि घर-घर खेळताना आई, ताई, बाळ, कुत्रा, ज्याची त्याची पाळी लावायची. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर पोरांची नावं लिहून गुनवर त्या रोज भिंतीवरच्या आई-ताई-बाळ-कुत्र्याच्या चित्रांना लावेल. सगळ्यांनी हात वर केले. एकही माणूस विरोधात नव्हता. खरंच सांगते, त्या खोलीत त्या दिवशी एकही वाईट माणूस नव्हता.

येप्पे हलक्या पायाने घरी आला. "झालं काम," त्याने माइकेनला सांगितलं.

"नाव घेतलंस?"

"कुणाचं?"

"रूनाचं, येप्पे."

तो बूट काढत राहिला. माइकेनने कपाळावर हात मारून घेतला.

त्या संध्याकाळी वर्गातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक स्वयंपाकघरात, एका पोराला समोर बसवून सांगण्यात आलं की रूनाशी नीट वागायचं. तिला खेळायला घ्यायचं. तिला वाईट वाटतं. काही घरांत गोडीने सांगितलं, काही घरांत जरा दटावून. पोरांनी मान डोलावली. पोरं काही खुळी नसतात.

दुसऱ्या दिवशी रूना शाळेतून नाचत आली. "बाबा, आज मला सगळ्यांनी विचारलं! सगळ्यांनी! आस्ता म्हणाली ये, आणि ठोकळ्यांची घरं बांधणारी मुलं म्हणाली ये, आणि फिलिपाने मला तिच्या शेजारी बसून डबा खायला लावला!"

असा आठवडा गेला. येप्पे बोटीवर शीळ घालायला लागला. सोबत्यांना सांगायचा, "माणसाने बोलायला पाहिजे रे. गप्प बसून काही होत नाही." सोबती म्हणाले, "याला आता मंत्री करा." माइकेनने मात्र रोज रूनाच्या तोंडाकडे बघायची सवय लावून घेतली.

शुक्रवारी येप्पे रूनाला आणायला गेला. ती कोपऱ्यात पावसाळी पोशाख अंगावर चढवत होती, एक पाय आत, एक बाहेर. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी एक टोपीवाला मुलगा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"रूनाचा बाबा, आज मी खेळलो तिच्याशी. पूर्ण जेवणाची सुट्टी. माझ्या आईला सांगशील?"

"सांगतो की. पण का रे?"

"सांगितलंस तर मला आइस्क्रीम आहे." मुलाने आवाज जराही न दबवता पुढची माहिती दिली. "सोमवारी आस्ताचा नंबर आहे. पण तिला आइस्क्रीम नाही, तिला टीव्ही."

येप्पेने मागे वळून पाहिलं. पोशाखाची चेन अर्ध्यात अडकली होती आणि रूना ती वर ओढत होती. ऐकलं की नाही ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. वाटेत बंदरावरचा वारा तोंडावर येत होता, म्हणून दोघं खाली बघून चालत होती. पुलापाशी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, मी आजारी आहे का?"

"नाही गं. का?"

"सगळे माझ्याशी हळू बोलतात."

येप्पेने तिला उचलून खांद्यावर घेतलं. दुसरं त्याला काय सुचणार? तिला उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, की बाई गं, हा तुझ्या बापाचा पराक्रम आहे.

पुढच्या आठवड्यात आइस्क्रीमवाले पांगले. तेही साहजिकच आहे, पोरं किती दिवस नोकरी करणार! आईबापांचंही लक्ष हळूहळू नाताळच्या तयारीकडे गेलं. उरल्या त्या गुनवरच्या चिमट्या आणि खेळगट. रूनाच्या गटात फिलिपा, टिल्डे आणि आस्ता. गुनवरने मुद्दामच तसा जमवला होता. आणि पहिलं घर येप्पेचं.

येप्पेने रजा टाकली. माइकेनला कामावर जायचं होतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "त्यांच्यात फार लुडबुडू नकोस हं." त्याने सकाळीच वेलची घालून गोड पाव भाजले, कोको करून ठेवला, रूनाच्या खोलीतला पसारा आवरला, कागदाचे तारे कापून खिडकीला लावले. रूना प्रत्येक ताऱ्यानंतर दारापाशी जाऊन बघून यायची. शेवटी त्या आल्या. तिघी एका रांगेत, तिघींच्या टोप्यांवर गोंडे. आपापल्या आयांना हात हलवून आत शिरल्या, बूट नीट लावून ठेवले. रूनाला काय बोलावं कळेना, म्हणून ती प्रत्येकीचा कोट दोन-दोनदा खुंटीला अडकवत राहिली.

मग खोलीचं दार अर्धवट लागलं आणि आतून घर-घर सुरू झाल्याचा आवाज आला. येप्पे स्वयंपाकघरात कान देऊन उभा राहिला. आज रूना आई, चिमट्यांप्रमाणे. त्याला तिचा आवाज ऐकू आला, "चला, जेवायला बसा!" येप्पेचा ऊर भरून आला. पावांवर लोणी लावायला घेतलं. खोलीतून हसणं येत होतं, खिदळणं येत होतं. तो एकटाच मान डोलावत होता.

थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं की हसण्यात रूनाचा आवाज नाही.

तो हळूच बाहेर आला. न्हाणीघराचं दार किलकिलं होतं. आत कमोडचं झाकण लावून त्यावर रूना ताठ बसली होती. मांडीवर त्याचा जुना कॅल्क्युलेटर. एकेक बटण दाबत होती.

"तू इथे काय करतेस?"

"हे ऑफिस आहे," ती म्हणाली. "आई ऑफिसला जाते ना."

"कधी सुटतं ऑफिस?"

"फिलिपा हाक मारेल तेव्हा."

"मग मारली का हाक?"

रूनाने कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. "अजून खूप काम आहे, बाबा."

येप्पे तडक खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. तिघी पलंगावर चादरीचा तंबू करून आत बसल्या होत्या, अगदी मजेत.

"तुमची आई कुठाय?" त्याने विचारलं.

"ऑफिसात," फिलिपा म्हणाली. तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, चेहऱ्यावर ना लाज ना लबाडी. "आज रूना आई आहे. तिचा नंबर आहे आज."

"आणि कुत्रा कोण?"

"कुत्रा मेला," टिल्डे चादरीतून म्हणाली. "मागच्या आठवड्यात."

"आम्ही रडलो पण त्याच्यासाठी," आस्ताने भर घातली.

आता बोला! कुठला नियम मोडला होता त्यांनी? पाळी लावलेली होती. रूना आई होती. आया कामाला जातात, त्याच्याही घरची आई या घडीला कामावरच होती. आणि मेलेल्या कुत्र्याला कोण जाब विचारणार? सगळी सभा, सगळे वर झालेले हात, गाजराचा केक, सगळं या सहा वर्षांच्या बाईने चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकलं होतं. दम द्यावा तर उद्या ती घरी सांगणार, आणि परत आठवडाभर रूनाशी सगळे हळू बोलणार. येप्पे दारात उभा राहिला आणि त्याला काहीच सुचेना. आणि काही सुचत नसलं की माणूस काहीतरी करतोच.

तो गुडघ्यांवर बसला, हात जमिनीला टेकले आणि भुंकला.

"नवा कुत्रा आला!" टिल्डे किंचाळली.

त्याचा बेत साधा होता. कुत्रा होऊन आत शिरायचं, मग कुत्र्यानेच आईला शोधत न्हाणीघरापर्यंत जायचं आणि तिला तोंडाने धरून घरी ओढत आणायचं. पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पोरींना असा कुत्रा आयुष्यात मिळाला नव्हता. एवढा मोठा, दाढीवाला, खऱ्यासारखा गुरगुरणारा! टिल्डे पाठीवर चढली, आस्ताने त्याच्या तोंडात मोजा कोंबला, फिलिपाने त्याचा पट्टा धरला. तो दाराकडे निघाला की तिघी मिळून त्याला मागे ओढायच्या आणि हसून हसून लोळायच्या.

हसण्याचा आवाज ऐकून रूना ऑफिसातून उठून आली. दाराशी उभी राहिली, कॅल्क्युलेटर छातीशी धरून. तिलाही हसू आलं होतं, बापाचा अवतार बघून. ती एक पाऊल आत आली.

"आई, तुझं ऑफिस अजून आहे," फिलिपा तिच्याकडे न बघताच म्हणाली.

येप्पेने मोजा थुंकला. "रूना, ये, ये इकडे..."

"कुत्रा बोलत नाही!" तिघी एकदम ओरडल्या. त्यांना काय आनंद झाला होता!

टिल्डे त्याच्या मानेला घट्ट धरून बसली होती. तिला पडू न देता खाली उतरवेपर्यंत रूना वळली होती. न्हाणीघराच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

मग त्याने खेळ थांबवला आणि सगळ्यांना पाव आणि कोको दिला. रूनाही येऊन बसली, तिनेही खाल्लं. न्यायला आईबाप आले तेव्हा फिलिपा कोटात एक हात घालूनच रिक्केकडे धावली.

"आई, इतकी मजा आली! रूनाचा बाबा कुत्रा झाला!"

रिक्केच्या डोळ्यांत परत पाणी. तिने येप्पेचा हात दाबला. "बघ, जमतंय ना आता? थोडं आपण मोठ्यांनी मनावर घ्यायला हवं होतं, बस."

"रूनाचा बाबा," फिलिपा म्हणाली, "पुढच्या वेळी आमच्या घरी आहे. तू ये हं नक्की. रूनाला काम असेल तर राहू दे तिला."

"काम कसलं गं, वेडाबाई!" रिक्के हसत हसत तिला जिन्यावरून घेऊन गेली.

दार लागलं. रूना टेबलावरचे पावाचे चुरे बोटाला चिकटवून खात होती. येप्पे तिच्या समोर बसला. पाठ दुखत होती, गुडघे सोलवटले होते.

"बाबा, तू का कुत्रा झालास?"

"तुला आत आणायला गं. मला वाटलं..."

"कुत्रा मी असते."

"पण तुला ते आवडत नव्हतं ना?"

रूनाने नवलाने वर पाहिलं. "मी कुठे म्हटलं असं?"

येप्पे आठवू लागला. बटाटे, रस्सा, मोजलेली बोटं. खरंच, तिने एकदाही म्हटलं नव्हतं. तिने नुसतं सांगितलं होतं.

"टिल्डे म्हणाली होती, नाताळात कुत्र्याला आत घेऊ," रूना म्हणाली. "झाडाखाली झोपायला देऊ. मी कधी भुंकत नव्हते ना उगाच, म्हणून. फिलिपा पण हो म्हणाली होती." तिने आणखी एक चुरा बोटाला चिकटवला. "मग चिमट्या आल्या."

येप्पेला वाटलं, कुणीतरी आपल्याला उचलून गार पाण्यात टाकावं. इतके आठवडे त्या बुटांच्या फळीखाली बसून त्याची पोर स्वतःची वाट स्वतः काढत होती, रोज थोडी थोडी. आणि त्याला ती दिसलीच नव्हती.

"मी बोलू फिलिपाशी?" त्याने विचारलं. दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतंच. "सांगू तिला, की कुत्र्याला परत जिवंत करा?"

"नको, बाबा." रूनाने मान हलवली, मोठ्या माणसासारखी समजूत घालत. "तू सांगितलंस ना, की मग त्या नुसतं तुझं ऐकतात."

सकाळी त्याने तिला शाळेत सोडलं. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, वाऱ्याने झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. तिने त्याचा हात सोडला, आत गेली, कोट टांगला. येप्पेला बोट गाठायची होती. पण त्याचा पाय निघेना. तो वळसा घालून वर्गाच्या खिडकीपाशी आला.

आत मेणबत्त्या लावलेल्या होत्या. बाहुल्यांच्या कोपऱ्यात तिघी चूल मांडत होत्या. भिंतीवर गुनवरने चिमट्या लावून ठेवलेल्या. रूनाची चिमटी मोठ्या ताईच्या चित्राला होती, खिडकीतूनही दिसत होती. रूना घरापर्यंत गेली. उंबऱ्याच्या पायपुसण्यावर तिने हात टेकले, गुडघे टेकले आणि खाली बसली.

फिलिपाने वळून पाहिलं. ढवळायचं थांबवलं. आस्ताने भिंतीवरच्या चिमटीकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, टिल्डेने काहीतरी म्हटलं. रूना कुणाकडे न बघता शांत बसून होती. फिलिपा पुढे आली, कमरेवर हात ठेवून, आणि तिच्यासमोर उभी राहून विचार करू लागली. महिन्यामागे हेच दृश्य येप्पेला बघवलं नव्हतं, आणि आता तो तिथे उभा राहून जीव तोडून विनवत होता, घे गं बाई, घे तिला, कुत्रा म्हणून घे, दाराबाहेर ठेव, पण घे. फिलिपा खाली वाकली. तिचा हात रूनाच्या डोक्याकडे निघाला.

तेवढ्यात खोलीच्या पलीकडून गुनवर चालत येताना त्याला दिसली. हसतमुख, जाकिटाच्या खिशात हात, कोपऱ्याच्या रोखाने. येप्पेने काचेवर बोटांनी टकटक केलं, मग मुठीने. गुनवर थबकली. तिने खिडकीकडे पाहिलं. येप्पे जोरजोराने रूनाकडे बोट दाखवत मान हलवत होता, नको, नको, राहू दे! वाऱ्यात त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हता.

गुनवरने त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. रूना पुन्हा चार पायांवर. तिचा चेहरा पडला. मग तिने येप्पेकडे बघून मान हलवली, आलं माझ्या लक्षात, काळजी करू नकोस, आणि झपाझपा पुढे जाऊन रूनाला काखेत धरून हळुवारपणे उभं केलं. भिंतीवरची चिमटी दाखवली. फिलिपाचा हात मागे गेला.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. फिलिपाने कमरेचा टॉवेल सोडला, नीट घडी करून चुलीवर ठेवला, आणि त्या तिघी चित्रं काढायच्या टेबलाकडे निघून गेल्या. गुनवरने खिडकीकडे बघून अंगठा वर केला. रूना मोठी ताई होऊन उभी होती, आणि घरात आता दुसरं कुणी नव्हतं.